विश्लेषण : छत्री जुनी, एलएनबी नवा... डीटीएचचा अख्खा संच बदलण्याची गरज खरेच आहे का?

छतावरची डिश हा निव्वळ आरसा आहे. बिघडतो तो बहुतेक वेळा तिच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी किंवा त्याची केबल. तरीही ग्राहकाच्या गळ्यात पूर्ण संच मारला जातो. जुन्या डिशवर नवे भाग कधी बसतात, कधी बसत नाहीत आणि खर्च कुठे वाचू शकतो, याविषयी...

चतुर्थीला चाकरमानी घरी येण्याआधी कोकणातल्या घराघरांत दोन कामे हमखास निघतात. भिंतींना रंग काढायचा आणि पावसाळ्यात बंद पडलेला टीव्ही सुरू करायचा. मालवण-कसाल रस्त्यावरचे कट्टा हे आसपासच्या गावांची बाजारपेठ असलेले गाव याला अपवाद नाही. चिऱ्याच्या भिंतीवर किंवा स्लॅबच्या कोपऱ्यात दहा-बारा वर्षांपूर्वी बसवलेली छत्री असते. पडद्यावर ‘नो सिग्नल’ असते. मुंबईतला मुलगा फोनवरून सांगतो, ‘जुनी काढून टाका, नवा सेट मागवतो.’ गावातला जाणता मेकॅनिक मात्र वर एक नजर टाकून म्हणतो, ‘डिश बरी आसा, तेचा तोंड तेवढा बदलूक व्हया.’

या दोघांपैकी मेकॅनिकचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर असते. तोंड म्हणजे एलएनबी. तो बाजारात साधारण दीडशे ते चारशे रुपयांना मिळतो. ‘डीडी फ्री डिश’चा बॉक्स आणि छोटी डिश असा पूर्ण संच घ्यायचा तर एकदाच, पण सुमारे दोन हजार रुपये खर्च होतात. निवृत्तिवेतनावर किंवा मुलाने पाठवलेल्या पैशांवर चालणाऱ्या घरात हा फरक लहान नाही. म्हणूनच छतावरचा नेमका कोणता भाग जुना होतो आणि कोणता होत नाही, हे समजून घेणे गरजेचे आहे.

डिश नेमके काय काम करते?

उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. तिथून घरापर्यंत पोहोचणारा सिग्नल अतिशय क्षीण असतो. डिशचा वक्र पत्रा तो गोळा करून एका बिंदूवर परावर्तित करतो. एवढेच तिचे काम. तिच्यात वीज नाही, चिप नाही, सॉफ्टवेअर नाही. त्यामुळे ती ‘आउटडेटेड’ होत नाही. चॅनेल साध्या दर्जाचे असो वा एचडी, कंपनी ही असो वा ती, पत्र्याला त्याचे सोयरसुतक नसते. पत्र्याचा आकार बिघडला नाही आणि तो योग्य दिशेला पाहत असला, की त्याचे काम पूर्ण होते.

‘डीडी फ्री डिश’चा इतिहासच याची साक्ष देतो. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ही सेवा सुरू झाली, तेव्हा ती ९५ अंश पूर्व रेखांशावरच्या एनएसएस-६ या उपग्रहावर होती. पुढे ती ९३.५ अंशांवरच्या इन्सॅट-४बी वर गेली. आता ती त्याच जागेवरच्या, ११ नोव्हेंबर २०१५ रोजी प्रक्षेपित झालेल्या जीसॅट-१५ वरून चालते. नाव बदलले, उपग्रह बदलले, बॉक्स बदलले. ज्या घरांनी सुरुवातीची चांगली छत्री जपली, त्यांना ती फक्त किंचित फिरवावी लागली.

मग एलएनबी म्हणजे काय आणि तो का बिघडतो?

एलएनबी म्हणजे ‘लो नॉइज ब्लॉक’. डिशच्या दांडीच्या टोकाला असलेली ही डबी दोन कामे करते. गोळा झालेला क्षीण सिग्नल, त्यात स्वतःचा गोंगाट शक्य तितका कमी मिसळून, वाढवते. मग त्याची वारंवारिता खाली आणते. हे दुसरे काम महत्त्वाचे आहे, कारण डीटीएचचा कू-बँड सिग्नल १० हजार मेगाहर्ट्झच्या वरचा असतो आणि तो साध्या केबलमधून काही मीटरही धड जात नाही. एलएनबी त्याला ९५० ते २,१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आणतो आणि मगच तो केबलने खाली बॉक्सपर्यंत येतो.

हा संपूर्ण इलेक्ट्रॉनिक भाग उन्हापावसात उघड्यावर लटकलेला असतो. सिंधुदुर्गात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवा दमट आणि खारट असते. उन्हाने एलएनबीच्या तोंडावरचे प्लास्टिकचे झाकण तडकते, आत पाणी शिरते. कनेक्टरवर हिरवट गंज चढतो. कधी कुंभारीण माशी तोंडावरच मातीचे घर बांधते आणि ओल्या मातीच्या त्या गोळ्यामुळे चित्र जाते. वीज चमकताना केबल काढली नाही, तर बॉक्ससोबत एलएनबीही जळू शकतो. थोडक्यात, छतावरच्या साहित्यात सर्वांत स्वस्त भागच सर्वांत आधी मरतो. सर्वांत मोठा आणि जड भाग मात्र वर्षानुवर्षे टिकतो.

बिघाड एलएनबीचाच आहे, हे कसे ओळखायचे?

बॉक्सच्या मेन्यूत सिग्नलचे दोन पट्टे दिसतात. एक ‘स्ट्रेंग्थ’चा, दुसरा ‘क्वालिटी’चा. यांचा अर्थ बहुतेक ग्राहकांना कुणी सांगतच नाही.

स्ट्रेंग्थ अगदी शून्य असेल, तर बॉक्स ते एलएनबी या वाटेतच काहीतरी तुटले आहे. केबल, कनेक्टर किंवा खुद्द एलएनबी. स्ट्रेंग्थ भरपूर पण क्वालिटी शून्य असेल, तर एलएनबीला वीज मिळते आहे, पण छत्री भलतीकडे पाहते आहे किंवा बॉक्समधली सेटिंग चुकली आहे. दोन्ही आहेत पण पाऊस आला की क्वालिटी कोसळते, असे असेल तर छत्री किंचित हलली आहे, जोड ओले आहेत किंवा एलएनबी थकला आहे. नारळाची झावळी आड येत असली, तर वाऱ्यासोबत चित्र येते-जाते.

म्हणून पहिली तपासणी एलएनबीची नव्हे, कनेक्टरची करावी. केबलच्या दोन्ही टोकांचे एक-एक इंच कापून नवे कनेक्टर बसवले, की बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. आतली जाळी काळी पडली असेल किंवा टोकातून पाणी ठिबकत असेल, तर ती केबल संपली. नवी आरजी-६ केबल घ्यावी. एलएनबीचा क्रमांक त्यानंतर येतो.

जुन्या डिशवर कोणताही नवा एलएनबी बसतो का?

नाही. इथेच ग्राहक फसतो आणि कधी कधी मेकॅनिकही. चार गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली, पकड. बाजारात मिळणाऱ्या सर्वसाधारण एलएनबीची मान ४० मिलिमीटरची असते आणि गोल क्लॅम्पमध्ये ती बसते. पण काही डीटीएच कंपन्यांच्या डिशची दांडी त्यांच्याच ठरावीक एलएनबीसाठी घडवलेली असते. तिथे साधा एलएनबी बसत नाही. अशा वेळी वेगळा क्लॅम्प किंवा अडॅप्टर घ्यावा लागतो. तारेने किंवा सुतळीने बांधण्याचा जुगाड दोन दिवस चालतो. पण एलएनबीचे तोंड नेमक्या केंद्रबिंदूवरून दोन-तीन सेंटिमीटर सरकले, तरी डिशने गोळा केलेल्या सिग्नलचा मोठा हिस्सा वाया जातो आणि पहिल्या जोरदार सरीत ते कळते.

दुसरी, वारंवारितेचा हिशेब. एलएनबीच्या आत एक ठरावीक ‘स्थानिक’ वारंवारिता असते. आलेल्या सिग्नलमधून ती वजा होते आणि उरलेला आकडा बॉक्सकडे जातो. ‘युनिव्हर्सल’ एलएनबीत अशा दोन असतात : ९,७५० आणि १०,६०० मेगाहर्ट्झ. समजा सिग्नल ११,०९० मेगाहर्ट्झवर आहे. त्यातून ९,७५० वजा केले, की १,३४० उरतात. बॉक्सला हा आकडा वाचता येतो. पण एलएनबी फक्त १०,६०० चाच असेल, तर उरतात ४९०. बॉक्सची वाचण्याची सुरुवातच ९५० पासून होते. त्यामुळे एलएनबी नवाकोरा, डिश अगदी सरळ, तरी पडद्यावर काळोख. अशा वेळी दोष कुणाचाच नसतो, वजाबाकीचा असतो. म्हणून फ्री डिशसाठी एलएनबी घेताना त्यावर ९७५०/१०६०० हे आकडे छापलेले पाहावेत आणि बॉक्सच्या मेन्यूतही तीच जोडी निवडावी.

तिसरी, ध्रुवीकरण. उपग्रहाचे सिग्नल उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रतलांत येतात. बॉक्स केबलमधून १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा एलएनबी उभे सिग्नल घेतो, १८ व्होल्ट पाठवतो तेव्हा आडवे. त्यामुळे क्लॅम्पमध्ये एलएनबी कोणत्या कोनात फिरवला आहे, यालाही महत्त्व असते. छत्री नेमकी लागल्यावर एलएनबी जागच्या जागी हळूहळू फिरवून क्वालिटीचा पट्टा जास्तीत जास्त वर न्यायचा आणि मग स्क्रू आवळायचा. हे दोन मिनिटांचे काम बहुतेक जण टाळतात.

चौथी, तोंडांची संख्या. एका घरात दोन टीव्ही असतील आणि प्रत्येकाला स्वतंत्र बॉक्स असेल, तर एका तोंडाच्या एलएनबीला साधा स्प्लिटर लावून भागत नाही. एक बॉक्स १३ व्होल्ट मागतो, दुसरा १८, आणि एलएनबी गोंधळतो. त्यासाठी दोन तोंडांचा एलएनबी घ्यावा लागतो. डिश मात्र तीच चालते.

‘एचडी एलएनबी’, ‘फोर-के एलएनबी’ हे काय प्रकरण?

खोक्यावरची जाहिरात. एलएनबीला चित्र दिसतच नाही. तो फक्त वारंवारिता खाली आणतो. चित्र साधे आहे, एचडी आहे की फोर-के, हे बॉक्स ठरवतो. खोक्यावर ‘०.१ डीबी’ असा गोंगाटाचा आकडा छापलेला असतो. तो खरा असला तर चांगलाच, पण स्वस्त मालावरच्या छापील आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही. झाकण घट्ट आहे का, कनेक्टरचे आटे नीट आहेत का, वर रबरी टोपी आहे का, हे पाहणे कोकणात जास्त उपयोगाचे.

बॉक्सची गोष्ट वेगळी आहे. फ्री डिशवरच्या काही वाहिन्या जुन्या एमपेग-२ पद्धतीने येतात, काही नव्या एमपेग-४ ने. जुना बॉक्स दुसऱ्या प्रकारच्या वाहिन्या दाखवू शकत नाही. ‘शेजाऱ्याकडे जास्त चॅनेल दिसतात’ या तक्रारीचे कारण अनेकदा हेच असते. तिथे बॉक्स बदलावा लागेल, पण छत्री, केबल आणि एलएनबी चांगले असतील तर त्यांना हात लावण्याचे कारण नाही.

खासगी कंपनीची छत्री फ्री डिशला चालेल का?

डिश म्हणून चालते, पण दिशा बदलावी लागते. ९३.५ अंशांवरच्या उपग्रहाची जागा म्हणजे ग्रेट निकोबारच्या दक्षिणेला, विषुववृत्तावर. कट्ट्यातून पाहिले तर त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने साधारण १२७ अंश येते. म्हणजे ढोबळमानाने आग्नेयेला, सावंतवाडीच्या बाजूला. क्षितिजापासूनची उंची साधारण ६० अंश. समुद्राकडे पाठ आणि घाटाकडे तोंड, असे लक्षात ठेवले तरी पुरे.

इतर कंपन्यांच्या छत्र्या वेगळीकडे पाहतात. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर, म्हणजे अगदी शेजारी आहे. ती छत्री जेमतेम दोन अंश फिरवावी लागते. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर आहे. कट्ट्यातून तो १४९ अंशांच्या दिशेला आणि साधारण ६८ अंश उंचीवर दिसतो. तिथली छत्री फ्री डिशसाठी पूर्वेकडे चांगली वीस-बावीस अंश वळवावी आणि आठेक अंश खाली झुकवावी लागते. एअरटेलचा १०८.२ अंशांवरचा उपग्रह याच्या उलट, आणखी पूर्वेला आणि खाली आहे. सन डायरेक्टची सेवा मात्र ९३.५ अंशांवरूनच चालते.

दोन गोष्टींनी इथे फसगत होते. घरगुती डिश ‘ऑफसेट’ प्रकारची असते. ती दिसते त्यापेक्षा साधारण वीस-पंचवीस अंश वर पाहते. त्यामुळे पत्रा समोरच्या झाडाकडे पाहतोय असे वाटले, तरी तिची नजर झाडाच्या बरीच वरून जात असते. दुसरे म्हणजे माड-फणसांचा हिशेब. उंची ६० अंश असल्याने, छत्रीपासून पाच मीटरवरचे झाड तिच्यापेक्षा साधारण साडेआठ मीटरने उंच असेल, तरच आड येते. झाड दहा मीटरवर असेल, तर ही मर्यादा सतरा मीटर. दहा वर्षांपूर्वी छत्री लावली तेव्हा कमरेएवढा असलेला माड आता नेमका त्या रेषेत आला असेल, तर नवा संच आणूनही उपयोग नाही. छत्री दुसऱ्या कोपऱ्यात हलवणे हाच उपाय.

इथे एक इशारा आवश्यक आहे. एलएनबी बदलला किंवा छत्री वळवली म्हणून खासगी कंपनीच्या सशुल्क वाहिन्या फुकट दिसू लागत नाहीत. ‘आयुष्यभर सगळे चॅनेल फ्री’ असे सांगून कुणी काही बसवत असेल, तर तो फसवत आहे किंवा बेकायदा काम करत आहे. शिवाय संच भाड्याने घेतलेला असेल, तर त्याला हात लावण्यापूर्वी पावती पाहून घ्यावी. विकत घेतलेली डिश मात्र ग्राहकाचीच मालमत्ता आहे.

केबलवाल्याची जुनी मोठी जाळीची छत्री उपयोगी पडेल का?

कोकणातल्या अनेक बाजारपेठांत जुन्या इमारतींवर आठ-दहा फुटी जाळीच्या छत्र्या अजून गंजत उभ्या आहेत. नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्यांची लाट आली, तेव्हा केबलचालकांनी त्या उभारल्या होत्या. ग्रामीण भागातील केबलच्या डिजिटायझेशनची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली. त्यानंतर बऱ्याच गावांतले छोटे नियंत्रण कक्ष मागे पडले. एवढ्या मोठ्या छत्रीला नवा एलएनबी लावला तर पावसातही चित्र जाणार नाही, असा समज आहे. तो बहुतांशी चुकीचा आहे.

त्या छत्र्या सी-बँडसाठी आहेत. सी-बँडच्या लहरींची लांबी साधारण साडेसात सेंटिमीटर असते. कू-बँडची जेमतेम अडीच. लहर जितकी लहान, तितका आरसा गुळगुळीत लागतो. कू-बँडसाठी पत्र्याचा आकार दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त बिघडलेला चालत नाही. जाळीची भोके मोठी असतील, तर सिग्नल त्यातून गळून जातो. दुसरी अडचण नजरेच्या रुंदीची. साठ सेंटिमीटरच्या घरगुती डिशची कू-बँडमधली नजर साधारण तीन अंश रुंद असते, तर आठ फुटी छत्रीची पाऊण अंश. ती इतकी अरुंद असते की वाऱ्याने खांब थोडा डुलला तरी चित्र जाते. तिसरे, घरगुती एलएनबी ऑफसेट डिशसाठी बनवलेला असतो. तो ८०-९० अंशांच्या कोनातले पाहतो. खोलगट गोल छत्रीच्या कडा त्याच्या नजरेच्या बाहेरच राहतात. म्हणजे छत्री आठ फुटी, पण प्रत्यक्षात काम करते ती तिच्या मधला भागच.

जाळी वाईट असते असे मात्र नाही. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ या प्रयोगात देशातल्या सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत एटीएस-६ उपग्रहावरून टीव्ही पोहोचवला गेला. तेव्हाच्या दहा फुटी छत्र्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या होत्या. त्या उत्तम चालल्या, कारण ८६० मेगाहर्ट्झच्या त्या लहरी सुमारे ३५ सेंटिमीटर लांब होत्या. जुना भाग चांगला की वाईट हे वयावरून ठरत नाही. त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे, यावर ते ठरते.

पावसात चित्र जाते त्यावर खरा उपाय कोणता?

कू-बँडच्या लहरी मुसळधार पावसात शोषल्या जातात. जुलैतल्या सरीत काही मिनिटे चित्र जाणे हा दोष नव्हे, निसर्ग आहे. पण दर भुरभुरीत जात असेल, तर मात्र दोष आहे. आधी छत्री पुन्हा नेमकी लावावी, जोड सुके करावेत, वरून रबरी टोपी आणि टेप घ्यावा. केबल एलएनबीपासून थेट खाली न आणता तिला खाली झुकणारा एक वळसा द्यावा. म्हणजे पाणी त्या वळशाच्या तळाशी गळून पडते, कनेक्टरमध्ये शिरत नाही. एवढ्याने भागले नाही, तरच ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची डिश घ्यावी. तिचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असते. पूर्ण नवी छत्री घेण्याचे एक सबळ कारण हे आहे.

दुसरे कारण म्हणजे आकार. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात सिंधुदुर्गात कौले उडाली, झाडे आणि विजेचे खांब पडले. अशा वाऱ्यात उलटलेली, फांदी पडून पिचलेली डिश जपण्यात अर्थ नसतो. तपासण्याची युक्ती सोपी आहे. डिशच्या कडेवरून दोन दोऱ्या एकमेकींना छेदतील अशा ताणून बांधायच्या. मध्ये दोन्ही एकमेकींना जेमतेम टेकल्या, तर कडा सपाट आहे. एक दुसरीला दाबत असेल किंवा दोघींत फट पडत असेल, तर डिश पिळवटली आहे. पत्र्यावर वरवरचा तांबूस गंज असला तर बिघडत नाही. आरपार भोके पडली असतील, दांडी वाकली असेल किंवा भिंतीतला खांब हलत असेल, तर मात्र बदलावी.

छतावर चढण्यापूर्वी काय काळजी घ्यावी?

कनेक्टर जोडण्या-काढण्याआधी बॉक्सचा प्लग काढावा. चालू बॉक्सच्या केबलची मधली तार जाळीला टेकली, तर बॉक्स जळू शकतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या स्लॅबवर आणि कौलांवर चढू नये. विजेच्या तारा जवळून जात असतील, तर लोखंडी शिडी अजिबात वापरू नये. वयस्क माणसांनी तर हे काम गावातल्या मेकॅनिकवरच सोपवावे. त्याची मजुरी द्यावी आणि जुन्या डिशवरच काम करून घ्यावे.

मग पूर्ण संचच का विकला जातो?

कारण तो विकणाऱ्याला सोयीचा आहे. नवी डिश, नवी केबल, नवा एलएनबी घेऊन आलेल्या माणसाला बिघाड शोधावा लागत नाही. वेळ वाचतो आणि वस्तू खपते. एका छतावर दोन-दोन, तीन-तीन छत्र्या दिसतात, त्यातली चालू एकच असते, ती याचमुळे. दूरवरून फोनवर पैसे भरणाऱ्या मुलालाही हेच सोयीचे वाटते. त्यात कुणाचा वाईट हेतू असेलच असे नाही. पण खर्च ग्राहकाचा होतो आणि भंगार गावात उरते.

प्रश्न केवळ कट्ट्याचा नाही. देशातील सशुल्क डीटीएचचे सक्रिय ग्राहक २०२१ मध्ये सात कोटींच्या आसपास होते. २०२५ पर्यंत ते सहा कोटींच्या खाली आले. फ्री डिश मात्र साडेचार ते पाच कोटी घरांत असल्याचा उद्योगक्षेत्राचा अंदाज आहे. म्हणजे रिचार्ज बंद केलेल्या लाखो छत्र्या छतांवर पडून आहेत आणि त्याच वेळी लाखो घरे नव्या छत्र्या विकत घेत आहेत. दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने प्रक्षेपक २०२२ पर्यंत बहुतांशी बंद झाले. त्यामुळे साध्या अँटेनावर ‘सह्याद्री’ पाहण्याचा पर्यायही उरलेला नाही. ज्यांना दरमहा रिचार्ज आणि मोबाइल डेटा दोन्ही परवडत नाहीत, त्यांच्यासाठी छत्री ही एकमेव खिडकी आहे.

इतरत्र काय घडते?

ब्रिटनमध्ये स्काय कंपनीने २०१६ मध्ये ‘स्काय क्यू’ आणले, तेव्हा त्यासाठी वेगळ्या प्रकारचा ‘वाइडबँड’ एलएनबी लावला. पुढे ती सेवा सोडून मोफत ‘फ्रीसॅट’कडे वळणाऱ्यांचे जुने बॉक्स त्या एलएनबीवर चालेनात. तिथेही उपाय एकच ठरला. भिंतीवरची डिश तशीच ठेवायची, एलएनबी बदलायचा. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांच्या भिंतीवरची छत्री आणि कट्ट्यातल्या घरावरची छत्री यांचे शास्त्र एकच आहे.

सरकारी पातळीवर काय व्हायला हवे?

एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालावा, ही अपेक्षा २००१ च्या डीटीएच मार्गदर्शक तत्त्वांपासूनची आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने एप्रिल २०२० मध्ये सेट-टॉप बॉक्सच्या परस्पर-वापराबाबत पुन्हा शिफारशी केल्या. ग्राहकाच्या घरात तो दिवस अजून उगवलेला नाही. त्यानंतर भारतीय मानक ब्युरोने उपग्रह ट्यूनर टीव्हीतच बसवण्यासाठीचे मानक प्रसिद्ध केले. जानेवारी २०२३ मध्ये त्याची घोषणा झाली. अशा टीव्हीला डिश आणि एलएनबी जोडला, की मोफत वाहिन्या थेट दिसाव्यात, वेगळा बॉक्स लागू नये, असा त्यामागचा विचार आहे. तो प्रत्यक्षात उतरला, तर छतावर आधीपासून असलेली छत्री आणखी मोलाची ठरेल.

पण या सगळ्या चर्चेत बॉक्सचाच विचार होतो, छताचा होत नाही. एलएनबीची पकड सर्व कंपन्यांनी एकाच मापाची ठेवावी. कोणत्या वारंवारितेचा एलएनबी लावला आहे, हे त्यावर ठळक छापावे. संचाच्या बिलात डिश, एलएनबी, केबल आणि मजुरी यांचे दर वेगवेगळे दाखवावेत. यातली कोणतीही गोष्ट अवघड नाही, फार खर्चिक तर मुळीच नाही. जीसॅट-१५ ची नियोजित कार्यमर्यादा १२ वर्षांची आहे. उद्या सेवा दुसऱ्या उपग्रहावर गेली, तरी लोकांना काय करायचे ते मराठीत, एका पानावर सांगता आले पाहिजे : छत्री ठेवा, दिशा बदला, गरज असेल तर एलएनबी बदला.

तोवर ग्राहकाच्या हातात एक साधा प्रश्न आहे. छतावरून खाली उतरलेल्या माणसाला तो विचारायला हवा : ‘नेमके काय बिघडले आहे?’ उत्तर ‘सगळेच जुने झाले’ असे आले, तर पैसे देण्याआधी दुसऱ्या मेकॅनिकला बोलवावे. आणि चतुर्थीला घरी येणाऱ्या मुलाने नवा संच मागवण्याआधी आई-वडिलांना सिग्नलचे ते दोन पट्टे वाचून दाखवायला सांगावे. बऱ्याचदा हजार-दीड हजार रुपये तिथेच वाचतात.